भाकरी बंद केली, चिली चिकन खाल्लं आणि डोकं धरलं: दोष अजिनोमोटोचा की डाएटचा?

समजा, कळमनुरीतल्या एका पंचेचाळिशीच्या शिक्षकाला रिपोर्टमध्ये शुगर वाढलेली दिसली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि वजन कमी करायला सांगितलं. घरी आल्यावर सरांनी मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी, पोळी, भात सगळं बंद करून टाकलं. ताटात अंडी, पनीर, चिकन आणि काकडी. आठ दिवसांत वजन दोन किलोने उतरलं, सर खूश. नवव्या दिवशी दुपारचं जेवण टाळून संध्याकाळी मित्रांसोबत चायनीजच्या गाडीवर गेले. नूडल्स नको, राईस नको, फक्त सूप आणि चिली चिकन. तासाभरात डोकं ठणकायला लागलं, अंगाला घाम फुटला, छातीत धडधडायला लागलं.

घरी पोहोचेपर्यंत निदान तयार होतं: "अजिनोमोटो टाकलं असणार."

हे सर काल्पनिक आहेत, निदान मात्र अजिबात काल्पनिक नाही. हिंगोली असो की पुणे, बाहेरचं खाऊन त्रास झाला की पहिलं बोट अजिनोमोटोकडे जातं. त्यात आता लो-कार्ब डाएटची भर पडली आहे. 'कार्ब्स सोडल्यापासून मला अजिनोमोटो अजिबात सहन होत नाही' असं सांगणारे लोक सोशल मीडियावर भेटतात. यात काही तथ्य आहे का? थोडंसं आहे. पण अजिनोमोटोवर शिक्का मारण्याच्या घाईत एक धोक्याची गोष्ट नजरेआड होते. तिथपर्यंत जाण्याआधी ताटापासून सुरुवात करू.

एक भाकरी म्हणजे किती कार्ब्स?

हिंगोली जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो, पण इथलं पोट चालतं ते ज्वारीवर. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे ५०-६० ग्रॅम पिठाच्या एका मध्यम भाकरीतून ३५ ते ४० ग्रॅम कार्ब्स पोटात जातात. कडक किटो डाएटमध्ये दिवसभराची मर्यादाच २० ते ५० ग्रॅम असते. त्यामुळे एका भाकरीतच दिवसाचा कोटा जवळपास संपतो. मराठवाड्यात लो-कार्ब करायचं तर भाकरीलाच हात घालावा लागतो तो यामुळे.

इथे एक गल्लत नेहमी होते. महाराष्ट्रात गाजलेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा 'दीक्षित डाएट' आणि लो-कार्ब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेल्या दीक्षितांच्या पद्धतीत भर आहे तो दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण्यावर. त्यात भाकरी वर्ज्य नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र या सगळ्याचं एकच मिश्रण होतं. दोन वेळाच जेवायचं, त्यातही कार्ब्स नाहीत, आणि मध्ये भूक लागली की सूप. ही शेवटची सूपची सवय लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

अजिनोमोटो म्हणजे नेमकं काय?

अजिनोमोटो हे पदार्थाचं नाव नाही, ते एका जपानी कंपनीचं आणि तिच्या ब्रँडचं नाव आहे. आपण डालडा म्हणतो तसं. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे एमएसजी. १९०८ मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 'कोंबू' नावाच्या समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापेक्षा वेगळ्या असलेल्या त्या चवीला त्यांनी 'उमामी' हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये ते बाजारात आलं.

आज एमएसजी शेवाळातून काढत नाहीत. उसाची मळी, मका किंवा टॅपिओका यांचं जिवाणूंच्या मदतीने आंबवण करून ते तयार होतं. ज्या मळीपासून साखर कारखाने अल्कोहोल बनवतात, तीच मळी इथेही कच्चा माल म्हणून चालते.

ग्लुटामेट आपल्याला नवीनही नाही. पिकलेल्या टोमॅटोत ते आहे, सुक्या मासळीत आहे, चीजमध्ये भरपूर आहे आणि आईच्या दुधातही आहे. डाळ, शेंगदाणे, मटण, अंडी यांतल्या प्रथिनांमध्येही ग्लुटामिक आम्ल असतं, पण ते प्रथिनांच्या साखळीत बांधलेलं असतं आणि पचताना हळूहळू सुटतं. एमएसजीतलं ग्लुटामेट मोकळं असतं, त्यामुळे जिभेला लगेच कळतं. शरीराच्या दृष्टीने मात्र टोमॅटोतलं मोकळं ग्लुटामेट आणि पुडीतलं ग्लुटामेट यांत रासायनिक फरक काहीच नाही. फरक पडतो तो किती खाल्लं आणि कशासोबत खाल्लं याने.

मग ते बदनाम कसं झालं?

एका पत्रामुळे. एप्रिल १९६८ मध्ये रॉबर्ट हो मान क्वोक या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला पत्र लिहिलं. तिथल्या चायनीज हॉटेलांत जेवलं की आपल्या मानेच्या मागे बधिरपणा येतो, तो हात-पाठीकडे पसरतो, अशक्तपणा येतो आणि धडधडतं, अशी त्यांची तक्रार होती. क्वोक यांनी फक्त एमएसजीवर बोट ठेवलं नव्हतं. सोया सॉस, स्वयंपाकात वापरलेली वाईन, एमएसजी आणि जेवणातलं जास्तीचं मीठ असे अनेक संशयित त्यांनी मांडले होते. लोकांच्या लक्षात एमएसजी तेवढं राहिलं, आणि पत्रावरचा 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' हा मथळा पुढे आजाराचं नाव होऊन बसला.

दुसऱ्या वर्षी, १९६९ मध्ये, जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांना एमएसजी टोचल्यावर त्यांच्या मेंदूला इजा झाल्याचं दाखवलं. तो प्रयोग खरा होता, पण इंजेक्शनने दिलेला मोठा डोस आणि जेवणातली चिमूटभर पूड यांची तुलना होत नाही. तरी भीती बसायची ती बसलीच. एका समाजाच्या जेवणालाच आजार ठरवणारं ते नाव अनेकांना खटकत होतं. अखेर २०२० मध्ये मेरियम-वेबस्टर या इंग्रजी शब्दकोशाने त्या नोंदीत बदल केला.

चाचण्यांमध्ये काय दिसलं?

अजिनोमोटोने त्रास होतो हे तपासायचं तर सोपा वाटणारा, पण करायला किचकट असा एकच मार्ग आहे. काही वेळा एमएसजी द्यायचं, काही वेळा तसंच दिसणारं काहीतरी निरुपद्रवी द्यायचं आणि कधी काय दिलं हे खाणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही, देणाऱ्यालाही नाही.

अमेरिकेत असा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००० मध्ये आले. 'आम्हाला एमएसजीचा त्रास होतोच' असं स्वतः सांगणारे १३० जण त्यात होते. पहिल्या फेरीत त्यांना जेवणाशिवाय, थेट ५ ग्रॅम एमएसजी दिलं. ५ ग्रॅम म्हणजे चमचाभर, एका प्लेटमध्ये पडतं त्याच्या कितीतरी पट. साधारण ३८ टक्के लोकांना फक्त एमएसजीनंतर त्रास झाला. १३ टक्के लोकांना फक्त खोट्या डोसनंतर त्रास झाला, म्हणजे पोटात एमएसजी नसतानाही डोकं दुखलं! ज्यांना त्रास झाला त्यांना पुन्हा पुन्हा तपासत नेलं, तेव्हा दरवेळी सारखी प्रतिक्रिया देणारे शेवटी फक्त दोघे उरले. आणि तेच एमएसजी जेवणासोबत दिल्यावर त्या दोघांचीही प्रतिक्रिया सातत्याने दिसली नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनासाठी १९९५ मध्ये तयार झालेल्या अहवालाचा सूरही असाच होता. ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त एमएसजी जेवणाशिवाय घेतलं तर काही लोकांना थोडा वेळ डोकेदुखी, बधिरपणा, चेहरा लाल होणं, धडधड असा सौम्य त्रास होऊ शकतो. एका वेळच्या नेहमीच्या खाण्यात मात्र ते अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमीच असतं. दमा असलेल्यांनी ते टाळावंच, या सल्ल्यालाही २०१२ च्या कोक्रेन समीक्षेत पुरावा सापडला नाही. युरोपीय अन्न सुरक्षा यंत्रणेने २०१७ मध्ये सावध भूमिका घेत दिवसाला प्रति किलो वजनामागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. ६० किलोच्या माणसासाठी ती १.८ ग्रॅम होते.

थोडक्यात, एमएसजीने त्रास होणारी माणसं आहेत, पण आपल्याला त्रास होतो असं मानणाऱ्यांपेक्षा ती फारच कमी आहेत. आणि त्रास होण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात: डोस मोठा हवा आणि पोट रिकामं हवं.

आता भाकरीचा संबंध

पोट रिकामं असण्याला इतकं महत्त्व का? कारण आपण खाल्लेलं बहुतेक ग्लुटामेट रक्तापर्यंत पोहोचतच नाही. आतड्याच्या पेशी ते वाटेतच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात ग्लुटामेट वाढायचं असेल तर आतड्याच्या क्षमतेपेक्षा जास्त माल एकदम यावा लागतो.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले संशोधक १९८०च्या दशकात हेच मोजत होते. निरोगी माणसांना त्यांनी एमएसजीचा मोठा डोस कधी नुसत्या पाण्यातून दिला, तर कधी त्यासोबत कर्बोदकं दिली. पाण्यातून दिल्यावर रक्तातलं ग्लुटामेट चांगलंच वर गेलं. कर्बोदकांसोबत दिल्यावर डोस तेवढाच असूनही वाढ खूपच कमी झाली. कर्बोदकं असली की आतड्यातल्या पेशी ग्लुटामेटचं रूपांतर जास्त वेगाने करतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

आता गाडीवरचं सूप आठवा. पूर्वी त्याच सुपानंतर फ्राइड राईसची प्लेट यायची, लो-कार्बवाला ती घेत नाही. तो दुपारीही जेवलेला नाही. म्हणजे ग्लुटामेट मोकळं, पातळ सुपातून, रिकाम्या पोटी आणि कर्बोदकांशिवाय येतंय. कागदावर पाहिलं तर रक्तातलं ग्लुटामेट वाढायला याहून सोयीची परिस्थिती नाही. 'कार्ब्स सोडल्यापासून सहन होत नाही' म्हणणाऱ्यांच्या बाजूने जाणारा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

पण तो इथेच थांबतो. रक्तात ग्लुटामेट वाढलं म्हणून डोकं दुखतंच असं नाही. आयोवाचे प्रयोग रक्तातलं प्रमाण मोजणारे होते, त्रास मोजणारे नव्हते. शिवाय रक्तातलं ग्लुटामेट सहजासहजी मेंदूत शिरत नाही, मेंदूभोवतीचा नैसर्गिक अडसर ते बऱ्याच अंशी अडवतो. आणि डोस तर प्रयोगातल्यापेक्षा बराच कमी. त्यामुळे हे घडू शकतं इतकंच म्हणता येतं. दरम्यान, त्याच टेबलावर याहून मोठे संशयित बसलेले असतात.

पहिला संशयित: मीठ आणि पाणी

कार्ब्स बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं. त्यात चरबी थोडी आणि पाणी जास्त असतं. यकृत आणि स्नायू साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतात, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं. साठा संपला की ते पाणीही जातं. त्यात इन्सुलिन कमी झाल्यामुळे मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवत नाहीत, ते लघवीतून निघून जातं.

परिणाम काय? डोकेदुखी, थकवा, चक्कर, चिडचिड, धडधड. डाएट करणाऱ्यांच्या भाषेत याला 'किटो फ्लू' म्हणतात, पण यात विषाणूचा काही संबंध नाही. ही यादी आणि एमएसजीच्या त्रासाची यादी शेजारी ठेवून पाहा, अर्ध्याहून जास्त लक्षणं तीच आहेत. म्हणजे डोकं सकाळपासूनच जड असतं, लक्ष जातं ते संध्याकाळी गाडीवर खाल्ल्यानंतर. एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो आणि घामातूनही मीठ-पाणी जातं, तेव्हा तर विचारूच नका.

यावर साधा उपाय म्हणजे मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-पाणी किंवा अळणी रश्श्यात थोडं मीठ. अर्थात रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर स्वतःच्या मनाने मीठ वाढवायचं नाही.

उलटही होऊ शकतं. गाडीवरच्या पदार्थात सोया सॉस, मीठ आणि तयार सॉस मिळून सोडियम भरपूर असतं, आणि त्यातला मोठा वाटा अजिनोमोटोचा नसतो. एमएसजीत वजनाच्या साधारण १२ टक्के सोडियम आहे, साध्या मिठात ३९ टक्के. आणि जाता जाता, चिली चिकन हा लो-कार्ब पदार्थ नाहीच. चिकन तळण्याआधी ते कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवलेलं असतं, ग्रेव्हीही त्यानेच दाट होते आणि सॉसमध्ये साखर असते. सूपसुद्धा बहुतेक ठिकाणी कॉर्नफ्लोअर लावूनच दाट केलेलं असतं. नूडल्स नाकारून कार्ब्स टाळल्याचं समाधान मिळतं, एवढंच.

दुसरा संशयित: शुगरची गोळी

आता सुरुवातीच्या सरांकडे परत येऊ. त्यांना गोळी सुरू झाली होती, आणि गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा तपशील तोच आहे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही भाकरी खाल्ली की नाही, याच्याशी गोळीला देणंघेणं नसतं. डॉक्टरांनी डोस ठरवला तो रोजचं भाकरी-भाताचं जेवण धरून. भाकरी बंद, दुपारचं जेवण टाळलेलं आणि गोळी चालूच, असं झालं की रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त. साखर उतरल्याची लक्षणं अशी: घाम, थरथर, धडधड, डोकेदुखी, अशक्तपणा, सैरभैर होणं.

घाम, धडधड, डोकेदुखी. म्हणजे नेमकं तेच, ज्याचं खापर घरी पोहोचेपर्यंत अजिनोमोटोवर फुटलं होतं. 'चायनीज बाधलं, झोपलं की बरं वाटेल' म्हणून असा माणूस अंथरुणावर पडला तर झोपेत साखर आणखी उतरू शकते. बेशुद्ध होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

म्हणून शुगरची औषधं घेणाऱ्या कुणालाही असा त्रास झाला तर आधी ग्लुकोमीटरवर साखर मोजायची. मीटर नसेल तर साखर उतरली आहे असं धरून चालायचं. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, बरं वाटल्यावर काहीतरी खायचं. इथे डाएट मोडलं म्हणून हळहळायचं कारण नाही. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा.

आणखी एका गटातली औषधं माहीत असलेली बरी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी 'ग्लिफ्लोझिन'वर संपणारी नावं असलेल्या गोळ्या घेताना कडक लो-कार्ब केलं, तर रक्तात किटोन आम्लं धोकादायक पातळीवर जाऊ शकतात. आणि गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) तेव्हा मीटरवर साखर जवळपास ठीक दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं ही त्याची लक्षणं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांचंही तसंच, पाणी-मीठ कमी झालं की जुना डोस जास्त ठरतो आणि उठताना चक्कर येते.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यातले कितीतरी जण मोबाईलवर पाहून आहार बदलतात, ते चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरला कळतही नाही. कार्ब्स कमी करण्यात वाईट काही नाही, अनेकांना त्याचा फायदा होतो. पण भाकरी बंद करण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच आहे: 'मी कार्ब्स कमी करतोय, तर माझ्या गोळीचा डोस बदलायचा का?' तीस वर्षांवरच्या लोकांची शुगर आणि बीपी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. आता तर हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं आहे. हा प्रश्न विचारायला नांदेड किंवा संभाजीनगर गाठायची गरज नाही.

पाकिटावरचे आकडे काय सांगतात?

गाडीवर आचाऱ्याला विचारता येतं, पाकिटाला वाचावं लागतं. मसाला शेंगदाणे, चिप्स, सूपची पावडर, मसाल्याचे क्यूब, 'किटो' म्हणून दुप्पट भावात विकलं जाणारं चटकमटक. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'फ्लेवर एन्हान्सर' असे शब्द आणि पुढे आकडे असतात.

६२१ म्हणजे एमएसजी. ६२७ आणि ६३१ हे त्याचे जोडीदार, आणि ६३५ म्हणजे त्या दोघांचं मिश्रण. हे जोडीदार एकटे फारसे कामाचे नसतात, पण ग्लुटामेटसोबत अगदी थोडे जरी पडले तरी चव कितीतरी पटीने वाढते. म्हणून ज्या पाकिटावर ६२१ नाही पण ६२७ आणि ६३१ आहे, तिथे ग्लुटामेट बहुधा दुसऱ्या दाराने आलेलं असतं. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन, सोया सॉस पावडर, टोमॅटो पावडर ही ती दारं. ६२७, ६३१ आणि ६३५ यांचं शरीरात शेवटी युरिक अॅसिड होतं, त्यामुळे गाऊटचा त्रास असणाऱ्यांनी हे आकडे आवर्जून पाहावेत.

'६३१ म्हणजे डुकराची चरबी' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. ६३१ ही चरबी नाहीच. ते मांस-मासळीपासून बनवता येतं हे खरं, पण टॅपिओकासारख्या पिष्टाचं आंबवण करूनही बनतं. पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल तर तो पदार्थ शाकाहारी असल्याचं कंपनी कायद्याने सांगत असते.

'नो अॅडेड एमएसजी' या शब्दांवरून देशात मोठं प्रकरण झालं, ते २०१५ मध्ये. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीतून घेतलेल्या मॅगीच्या नमुन्यात ग्लुटामेट आणि शिसं सापडल्याचा अहवाल आला. ५ जूनला एफएसएसएआयने मॅगी बाजारातून परत घ्यायला सांगितलं आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्या वेळी आरोग्याच्या दृष्टीने गंभीर आरोप शिशाचा होता. एमएसजीचा वाद लेबलवर काय लिहिलं याचा होता. पुढे मार्च २०१६ मध्ये एफएसएसएआयनेच स्पष्ट केलं की पदार्थातलं ग्लुटामेट वरून टाकलेलं आहे की मुळात होतं, हे सांगणारी प्रयोगशाळेतली पद्धत नाही. 'एमएसजी टाकलेलं नाही' या ओळीचा अर्थ 'ग्लुटामेट नाही' असा घेऊ नका, तो यामुळे.

मग आपल्याला त्रास होतो का, हे कसं शोधायचं?

आधी एक सीमा आखून घेऊ. अंगावर गांधी उठणं, ओठ-घसा सुजणं, श्वास अडकणं ही एमएसजीची लक्षणं नव्हेत. ती शेंगदाणे, अंडं, सोया, कोळंबी अशा कशाची तरी अॅलर्जी असू शकते. अशा वेळी घरी प्रयोग नको, तातडीने दवाखाना.

डोकेदुखीपुरतीच तक्रार असेल तर डाएट सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे कुठलाच निष्कर्ष काढू नका, शरीर तेव्हा मीठ-पाण्याशीच झगडत असतं. त्यानंतर वहीत लिहायला लागा. काय खाल्लं, किती वाजता, आधीचं जेवण कधी झालं होतं, पाणी किती प्यायलं, झोप किती झाली, त्रास किती वेळाने झाला आणि किती टिकला. वहीत त्रास नसलेले दिवसही लिहायचे. टोमॅटोचं सार, चीज ऑम्लेट किंवा सुकटाची चटणी खाल्ली आणि काहीच झालं नाही, तर ती नोंद डोकेदुखीच्या नोंदीइतकीच बोलकी आहे.

पंधरा दिवसांनी घरातल्या कुणाला तरी मदतीला घ्या. लसूण-मिरी घातलेलं झणझणीत सूप वेगवेगळ्या दिवशी चार-सहा वेळा करायला सांगायचं. काही वेळा त्यात चिमूटभर अजिनोमोटो, काही वेळा नाही. कधी काय होतं हे करणाऱ्याने लिहून ठेवायचं आणि शेवटपर्यंत सांगायचं नाही. चवीवरून ओळखू येण्याची शक्यता राहते, म्हणून तर शास्त्रज्ञ कॅप्सूल वापरतात. तरी 'मला माहीतच आहे'पेक्षा ही पद्धत बरीच बरी. शुगर-बीपीची औषधं घेणाऱ्यांनी, दमेकऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र हा खेळ करू नये. बारा महिन्यांखालच्या बाळाला तर एमएसजी देऊच नये, अशी सूचना पाकिटावर छापण्याचा नियम आपल्याकडे आहे.

दरवेळी अजिनोमोटोच्याच दिवशी डोकं दुखलं असं वहीत निघालं, तर तुम्ही त्या थोड्या लोकांपैकी असू शकता. मग गाडीवर "भाऊ, अजिनोमोटो टाकू नका" म्हणून सांगा, बहुतेक जण ऐकतातही. फक्त कढईत त्याआधी पडलेला सोया सॉस, लाल सॉस आणि सूपच्या पातेल्यात सकाळीच विरघळलेला मसाल्याचा क्यूब त्याला आता बाहेर काढता येणार नाही, तेवढं लक्षात असू द्या.